आरओ एएमसीवाल्यांसाठी सीआरएम: मशीनला स्वतःचा रेकॉर्ड द्या, मग ऑटोमेशनच्या मागे लागा

एएमसीचा, म्हणजे वर्षभराच्या देखभाल कराराचा, धंदा असलेले लोक, म्हणजे आरओ, इन्व्हर्टर, सीसीटीव्ही, एसी काहीही घ्या, मोठ्या उत्साहाने सीआरएम (कस्टमरच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) घेतात आणि थोड्याच दिवसात परत एक्सेलवर येतात, विचारलं तर म्हणतात सॉफ्टवेअर किचकट आहे. किचकट असेलही, पण बहुतेक वेळा घोळ वेगळाच असतो. सॉफ्टवेअर उघडलं की समोर लीड, कॉन्टॅक्ट (माणूस), अकाउंट (कंपनी किंवा संस्था), डील (सौदा) असे तयार मॉड्यूल, म्हणजे एकेका प्रकारच्या रेकॉर्डचे कप्पे, दिसतात आणि आपण आपला धंदा त्यात कोंबायला लागतो, पण तुमचा धंदा कस्टमरवर चालतच नाही, तो मशीनवर चालतो. सर्व्हिस मशीनची होते, फिल्टर मशीनचा बदलतो, एएमसी मशीनची संपते, कस्टमर फक्त फोन उचलतो आणि पैसे देतो.

आता मशीनला स्वतःचा रेकॉर्ड न देता लोक काय करतात बघा. कॉन्टॅक्टमध्येच फील्ड वाढवत जातात, मशीन १ मॉडेल, मशीन १ सिरियल, एएमसी १ संपण्याची तारीख, मग एखाद्या कस्टमरचं दुकानातही मशीन असतं म्हणून मशीन २, मग एक हॉस्टेलवाला येतो ज्याच्याकडे सहा मशीन आहेत आणि तिथे सगळं संपतं. आठवण पाठवायचा रूल प्रत्येक तारखेसाठी वेगळा लिहावा लागतो, आणि "या महिन्यात किती मशीनची एएमसी संपतेय" इतका साधा रिपोर्ट पण निघत नाही कारण तारखा तीन-चार कॉलममध्ये विखुरलेल्या.

म्हणून आधी मशीनचं वेगळं मॉड्यूल बनवायचं. मी इथे झोहो सीआरएम धरून सांगतोय, कारण आपल्याकडच्या छोट्या धंद्यांत ते बऱ्यापैकी चालतं, कंपनी चेन्नईची आहे आणि भारतातल्या सर्व्हरवर अकाउंट मिळतं. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर विचार तोच, बटणं वेगळी, त्याबद्दल खाली दोन ओळी टाकतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, झोहोचा तीन युजरवाला फुकट प्लॅन आहे पण त्यात कस्टम मॉड्यूल बनवता येत नाही, त्यामुळे पैसे भरायची तयारी ठेवा आणि प्लॅन घेण्याआधी कस्टम मॉड्यूल (आपण स्वतः बनवलेलं), वर्कफ्लो (आपोआप चालणारे रूल) आणि फंक्शन (रूलमधून चालणारा छोटा कोड) या तीन गोष्टी त्यात आहेत ना ते सेल्सवाल्याकडून मेलवर लिहून घ्या, फोनवर सगळेच हो म्हणतात.

आधी कागद

कम्प्युटर बंद ठेवा आणि एका कागदावर लिहा की तुमच्या धंद्यात कोणत्या गोष्टीला स्वतःची तारीख आहे, कोणती गोष्ट एका कस्टमरकडे एकापेक्षा जास्त असू शकते, आणि कोणती गोष्ट कस्टमर बदलला तरी तशीच राहते. या तीनपैकी दोन प्रश्नांना हो आलं की त्या गोष्टीला वेगळं मॉड्यूल द्यायचं. एकच हो आलं तर बहुतेक वेळा साधं फील्ड पुरतं.

आरओमध्ये हे लावून बघितलं तर मशीन तर झालंच. फ्लॅट विकला की कस्टमर बदलतो, मशीन तिथेच भिंतीला असतं. दुसरी गोष्ट एएमसी, मी तिला करार म्हणतो. मशीन सहा-सात वर्षं चालतं आणि करार दरवर्षी नवीन होतो, तुम्ही मशीनवरच "एएमसी संपण्याची तारीख" ठेवून दरवर्षी ती खोडून नवीन टाकली तर गेल्या वर्षी किती रुपयांत केलं होतं, मधलं एक वर्ष गॅप पडला होता का, हे सगळं गेलं. आणि नेमकं तेच रिन्युअलच्या फोनवर लागतं, समोरचा म्हणतो मागच्या वेळी तर कमी घेतले होते, तुमच्याकडे उत्तर नाही. तिसरी गोष्ट व्हिजिट, म्हणजे टेक्निशियन एकदा जाऊन आला ती एक व्हिजिट.

तर मॉड्यूल तीन: मशीन, करार, व्हिजिट. यापेक्षा जास्त सुरुवातीला बनवू नका. पार्टसाठी एक, तक्रारीसाठी एक, पेमेंटसाठी एक असं करायचा मोह होतो, पण टेक्निशियनला मोबाईलवर पाच ठिकाणी भरायला लावलं की तो एकाही ठिकाणी भरत नाही.

व्हिजिटसाठी वेगळं मॉड्यूल कशाला, मशीनच्या आतच सबफॉर्म टाकला तर चालेल ना, असं बरेच जण विचारतात. सबफॉर्म म्हणजे रेकॉर्डच्या आत असलेला छोटा तक्ता, बिलातल्या ओळींसारखा. दिसायला छान दिसतं पण त्यातल्या ओळीला स्वतःचा ओनर नसतो, म्हणजे ही व्हिजिट अमुक टेक्निशियनची असं सिस्टीमला सांगता येत नाही. व्हिजिटमध्ये कुठले पार्ट बदलले, सेडिमेंट, कार्बन, मेम्ब्रेन, पंप, ती यादी मात्र सबफॉर्ममध्येच ठेवा, तिथे तो एकदम बरोबर बसतो.

मॉड्यूल आणि फील्ड

सेटअपमध्ये जा, कस्टमायझेशनखाली मॉड्यूल्स अँड फील्ड्स आहे, तिथे नवीन मॉड्यूल बनवायचं बटण. डावीकडून फील्ड ओढून उजवीकडे सोडायची, एवढंच काम आहे. एक छोटी युक्ती, फील्डचं नाव पहिल्यांदा इंग्रजीत साधं सुटसुटीत द्या आणि सेव्ह केल्यावर मग लेबल मराठी करा. कारण पहिल्या नावावरून आतमध्ये एक एपीआय नाव बनतं आणि लेबल बदललं तरी ते तसंच राहतं, उद्या फंक्शन लिहिताना ते नाव वाचता येण्यासारखं असलेलं बरं.

मशीनमध्ये काय काय ठेवायचं? सिरियल नंबर, आणि त्याला डुप्लिकेट चालणार नाही ही खूण लावायची म्हणजे एकच मशीन दोनदा एंटर होत नाही. सिरियल नंबर सिंगल लाइनमध्ये ठेवा, नंबर टाइपमध्ये नको, त्यात अक्षरं असतात आणि सुरुवातीचे शून्य उडतात. मॉडेलला पिकलिस्ट, म्हणजे तयार यादीतून निवडायचं, हाताने टाइप करायला दिलं तर एकच मॉडेल चार स्पेलिंगने येतं. बसवल्याची तारीख. पाण्याचा प्रकार: कॉर्पोरेशन, बोअर, टँकर, मिक्स. आणि सर्व्हिसचं अंतर किती महिन्यांचं, हे नंबर फील्ड.

या शेवटच्या फील्डवर जरा थांबतो. सगळ्या मशीनला एकच अंतर लावणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचाच टेक्निशियन सगळ्यात जास्त शिव्या खातो. पुण्यात कोथरूडला कॉर्पोरेशनच्या पाण्यावर चालणारं मशीन आणि वाघोलीला टँकरच्या पाण्यावर चालणारं मशीन, दोघांचे सेडिमेंट फिल्टर सारख्या वेगाने चोक होत नाहीत. तेव्हा अंतर मशीनवर ठेवा, रूलमध्ये ठेवू नका. रूलमध्ये "९० दिवसांनी" असा आकडा घालून टाकला की उद्या एका सोसायटीसाठी तो बदलायचा म्हटलं तर दुसरा रूल लिहावा लागतो, आणि अशाने वर्षभरात रूलचं जंगल होतं.

मग लुकअप. लुकअप म्हणजे या मशीनला त्या कॉन्टॅक्टशी बांधणारी दोरी. इथे एक नाही, दोन लुकअप द्या, दोन्ही कॉन्टॅक्टलाच. एक "मालक" आणि दुसरा "घरी कोण". भाड्याने दिलेल्या फ्लॅटमध्ये मालक असतो अमेरिकेत किंवा नाशिकला, एएमसीचे पैसे तो देतो, पण दार उघडणार भाडेकरू. रिन्युअलचा मेसेज मालकाला गेला पाहिजे आणि "उद्या सकाळी टेक्निशियन येतोय" हा भाडेकरूला. एकाच फील्डवर काम भागवलं की रात्री अडीचला शिकागोत कुणाचा तरी फोन वाजतो. लुकअप बनवताना रिलेटेड लिस्टचं नाव विचारतं, तिथे दोन्हीला वेगवेगळी नावं द्या, नाहीतर कॉन्टॅक्टच्या पानावर "मशीन्स" नावाच्या दोन याद्या दिसतात आणि कुठली कुठली ते कळत नाही. सोसायटीच्या क्लबहाऊसचं किंवा ऑफिसमधलं मशीन असेल तर अजून एक लुकअप अकाउंटला.

करारात: मशीनचा लुकअप, प्रकार, सुरू तारीख, संपण्याची तारीख, रक्कम, ठरलेल्या व्हिजिट किती, स्टेटस. प्रकारात वॉरंटी हा पण एक प्रकार ठेवा, रक्कम शून्य. मग कॉम्प्रिहेन्सिव्ह (पार्टसकट), नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह (पार्टचे पैसे वेगळे). वॉरंटीलाही करार मानलं की फायदा असा की वॉरंटी संपताना एएमसी विकायचा फोन आणि एएमसी संपताना रिन्युअलचा फोन, दोन्हीला एकच रूल पुरतो. रक्कम जीएसटीसह की जीएसटी सोडून, ते लेबलमध्येच लिहून टाका, १८ टक्क्यांचा फरक असतो आणि ऑफिसात दोघी जणी दोन पद्धतीने भरत असतात.

व्हिजिटमध्ये: मशीनचा लुकअप, कराराचा लुकअप, ठरलेली तारीख, झालेली तारीख, स्टेटस, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मशीनच्या आत जाताना किती आणि बाहेर येताना किती, फोटो, पार्टचा सबफॉर्म. ओनर म्हणजे टेक्निशियन. कंपल्सरी फील्ड कमीत कमी ठेवा, स्टेटस आणि दोन टीडीएस बस झाले. दहा फील्ड कंपल्सरी केली की माणूस सगळीकडे टिंब टाकून पुढे जातो. त्यापेक्षा व्हॅलिडेशन रूल लावा की बाहेरचा टीडीएस आतल्यापेक्षा जास्त असेल तर सेव्हच होऊ नये, कारण घाईत आकडे उलटे पडतात. ज्यांना आकड्यांचा अंदाज नाही त्यांच्यासाठी, आपल्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा पाण्याचा सोर्सच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात.

जुना डेटा आत घेताना

इथे घाई केली की पुढचं सगळं ऑटोमेशन चुकीच्या तारखांवर पळतं, म्हणून एक शनिवार-रविवार यालाच द्या. एक्सेलमध्ये ०४/०७/२०२५ लिहिलंय, ते ४ जुलै की ७ एप्रिल? ज्याच्या लॅपटॉपवर सेटिंग अमेरिकन आहे त्याच्याकडे ते ७ एप्रिल होतं आणि कुणाला कळतही नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्या वाटतात. तारखेच्या कॉलमचा फॉरमॅट आधी असा करून बघा की महिना अक्षरात दिसेल, म्हणजे गडबड डोळ्याला दिसते, मग इम्पोर्ट करताना जो फॉरमॅट आहे तोच निवडा. सिरियल नंबर मोठा आणि नुसत्या आकड्यांचा असेल तर एक्सेल त्याचं ८.९ई+११ असं काहीतरी करून टाकतं, तो कॉलम टेक्स्ट करून ठेवा, आणि सीएसव्ही (इम्पोर्टसाठीची साधी फाइल) एकदा सेव्ह केल्यावर परत एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, परत तेच होतं. मराठी नावं असतील तर फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, त्यात मराठी अक्षरं नीट राहतात. आणि जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी असेल तर ती आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करावीच लागते, त्याला शॉर्टकट नाही.

क्रम असा: आधी कॉन्टॅक्ट, मग मशीन, मग करार, शेवटी व्हिजिट. मागचं आत असल्याशिवाय पुढच्याचा लुकअप जुळणार कशाला? आणि जुळवताना नावावर जुळवू नका. प्रत्येक आरओवाल्याकडे "पाटील काका" किमान चार असतात. कॉन्टॅक्ट आत गेल्यावर ते एक्सपोर्ट करा, सिस्टीमने प्रत्येकाला दिलेला रेकॉर्ड आयडी त्यात येतो, तो मोबाईल नंबरवरून एक्सेलचा व्हीलुकअप लावून मशीनच्या शीटमध्ये आणा आणि मशीन इम्पोर्ट करताना तोच वापरा. जुन्या व्हिजिट सगळ्या आणायच्या भानगडीत पडू नका, प्रत्येक मशीनची शेवटची एक आणली तरी काम चालू होतं.

इम्पोर्टच्या शेवटच्या पानावर ऑटोमेशन चालू करायचं का अशी एक टिक असते, जुना डेटा घेताना ती काढलेली आहे ना ते बघाच. नाहीतर रात्री अकरा वाजता सगळ्या जुन्या कस्टमरना "आमच्या परिवारात स्वागत आहे" जातं, त्यात जो दोन वर्षांपूर्वी भांडून गेला तो पण असतो.

आता वर्कफ्लो

सेटअप, ऑटोमेशन, वर्कफ्लो रूल्स. प्रत्येक रूलमध्ये तीनच प्रश्न असतात: कधी, कुणासाठी, काय करायचं. कधी म्हणजे रेकॉर्ड बनला, एडिट झाला, डिलीट झाला, किंवा एखादी तारीख जवळ आली. कुणासाठी म्हणजे अटी. काय करायचं म्हणजे मेल, टास्क, फील्ड अपडेट, वेबहूक (दुसऱ्या सॉफ्टवेअरला निरोप), फंक्शन. मला विचाराल तर एएमसीच्या धंद्याला सुरुवातीला चार रूल भरपूर झाले.

पहिला: करार बनला की फंक्शन चालतं आणि पहिली व्हिजिट तयार करतं. फंक्शन झोहोच्या डेल्यूज भाषेत लिहायचं, दिसायला घाबरवणारं पण काम एवढंच, करारातून मशीन शोध, मशीनवरून अंतर घे, सुरू तारखेत तेवढे महिने मिळव, त्या तारखेची व्हिजिट बनव. महिने मिळवायला त्यात तयार फंक्शन आहे, ३० ने गुणायचं नाही. स्वतःला जमत नसेल तर कॉलेजातल्या एखाद्या पोराकडून दोन तासात होतं.

दुसरा रूल सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच बहुतेक ठिकाणी गंडलेला असतो. व्हिजिटचं स्टेटस "झाली" केलं की पुढची व्हिजिट आपोआप बनली पाहिजे. बघा, पुष्कळ जण मशीनवर "पुढची सर्व्हिस" अशी तारीख ठेवतात आणि दर वेळी ती पुढे ढकलतात, चालतं तसंही, पण मग त्या तारखेला मालक कोण? ती कुणाच्या यादीत दिसणार? पुढची व्हिजिट हाच एक रेकॉर्ड म्हणून आत्ताच तयार असेल तर तिला ओनर आहे, ती पुढे-मागे करता येते, आणि पुढच्या आठवड्यात कोथरूडमध्ये किती कामं आहेत हे एका व्ह्यूमध्ये दिसतं. हा रूल "एडिट"वर लावायचा आणि त्यातही ठरावीक फील्ड बदलल्यावर, म्हणजे स्टेटस बदलून "झाली" झालं तरच. नुसतं एडिटवर लावलात तर झालेल्या व्हिजिटमध्ये कुणी टीडीएसचा आकडा दुरुस्त केला तरी अजून एक व्हिजिट बनेल.

फंक्शनमध्ये दोन तपासण्या घाला. एक, या मशीनची आधीच एखादी उघडी व्हिजिट आहे का, असेल तर गप्प बसायचं. माणसं चुकून "झाली" करतात, परत मागे घेतात, परत "झाली" करतात, तेव्हा ही तपासणी वाचवते. दोन, येणारी तारीख कराराच्या संपण्याच्या पलीकडे जातेय का, जात असेल तर बनवायची नाही.

पुढची तारीख ठरलेल्या तारखेपासून मोजायची की झालेल्या? फिल्टरच्या दृष्टीने झालेल्या तारखेपासून, कारण फिल्टर त्या दिवशी बदललाय. पण यात एक मेख आहे, टेक्निशियन दर वेळी पंधरा-वीस दिवस उशिरा गेला तर वर्षात चारच्या ऐवजी तीनच व्हिजिट बसतात आणि करारात तुम्ही चार लिहून दिल्यात. म्हणूनच करारात "ठरलेल्या व्हिजिट" हे फील्ड ठेवायला सांगितलं. त्याच्या शेजारी रोलअप समरी फील्डने झालेल्या व्हिजिट मोजून दाखवा, आणि रिन्युअलचा फोन करणाऱ्या मुलीला आधी हे दोन आकडे बघायची सवय लावा. तीन झाल्यात आणि चौथी बाकी आहे, आधी ती लावून देते मॅडम, मग रिन्युअलचं बोलू, असं म्हटल्यावर समोरच्याचा आवाजच बदलतो.

तिसरा रूल व्हिजिटच्या ठरलेल्या तारखेच्या आधी, तारखेवर चालणारा. झोहो विचारतं किती दिवस आधी आणि किती वाजता. तीन दिवस आधी, सकाळी साडेनऊ ठीक आहे, रात्री बाराचा टाइम राहू देऊ नका. अटी: स्टेटस "ठरलेली" असावं, "मेसेज नको" ही टिक नसावी, मोबाईल रिकामा नसावा. मेसेज "घरी कोण"ला, टास्क टेक्निशियनला.

चौथा, करार संपण्याच्या ३० दिवस आधी, आणि त्याचीच कॉपी ७ दिवस आधीची. इथे नुसता मेसेज पाठवून मोकळं होऊ नका. मेसेज बघून स्वतःहून पैसे भरणारे थोडे, फोन लागतोच. म्हणून ३० दिवसाला मेसेज आणि ७ दिवसाला टास्क, नाव घालून, ऑफिसातल्या एका माणसाच्या नावावर. "टीम"च्या नावावर टाकलेला टास्क कुणीच उघडत नाही. अट ही की या मशीनचा नवीन करार अजून बनलेला नाही. हे सोपं करायला नवीन करार बनला की जुन्याचं स्टेटस "रिन्यू झाला" करायचं काम पहिल्याच फंक्शनमध्ये टाकून द्या, मग चौथ्या रूलला फक्त स्टेटस बघावं लागतं.

दोन गोष्टी ज्यावर लोक तासन्‌तास डोकं धरून बसतात. आज बनवलेला "क्रिएट" रूल कालच्या रेकॉर्डवर चालत नाही, मागे जाऊन तो काही करत नाही. आणि फंक्शनने रेकॉर्ड बनवला की त्या रेकॉर्डवर तुमचे बाकीचे "क्रिएट" रूल आपोआप चालतील असं नाही, फंक्शनमध्ये ट्रिगर म्हणून वर्कफ्लो असं सांगावं लागतं. हे चांगलंच आहे म्हणा, नाहीतर व्हिजिट मशीनला बदलणार, मशीन कराराला, करार परत व्हिजिटला, गोल गोल फिरत बसले असते.

मेसेज जातो कसा

इथे सॉफ्टवेअरपेक्षा नियम आडवे येतात. एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या (टेलिकॉम नियामकाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी पोर्टलवर कंपनीची नोंदणी, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि प्रत्येक मेसेजचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि रूलमधला मजकूर त्या नमुन्याशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे, एक पूर्णविराम जास्त पडला तरी मेसेज अडतो आणि सीआरएम मात्र "पाठवला" म्हणत राहतं. मराठीत पाठवणार असाल तर एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात, इंग्रजीत १६०, त्याच्या वर गेलं की तुकडे पडतात आणि मराठीत प्रत्येक तुकडा ६७ चा. दोनशे अक्षरांचा गोड मेसेज लिहिलात की तीन एसएमएसचे पैसे. काना, मात्रा, वेलांटी पण वेगळी मोजली जाते हे लक्षात ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर बिझनेस एपीआय (सॉफ्टवेअरमधून मेसेज पाठवायची सोय) लागतो, त्यातही आधी मंजूर केलेलं टेम्प्लेट. कस्टमरने स्वतः मेसेज केल्यापासून २४ तास तुम्ही मोकळं लिहू शकता, त्याच्या बाहेर फक्त टेम्प्लेट. टेम्प्लेट मराठीत मंजूर करून मिळतं, खुशाल मराठीत करा. "तुमच्या आरओची सर्व्हिस गुरुवारी १२ तारखेला आहे, वेळ बदलायची असल्यास कळवा" हे युटिलिटी, म्हणजे कामाच्या मेसेजच्या प्रकारात जातं, त्यालाच "आत्ता रिन्यू करा आणि सूट मिळवा" जोडलंत की ते मार्केटिंग होतं आणि महागात जातं. दोन्ही वेगळे ठेवा. आणि मेसेजमध्ये मशीन कुठलं ते घाला, मॉडेल किंवा "दुकानातलं मशीन", दोन मशीनवाल्या माणसाला नुसतं "तुमची एएमसी संपतेय" कळत नाही, तो तुम्हालाच फोन करून विचारतो आणि ऑटोमेशनने वाचवलेला फोन परत आला.

चालू करण्याआधी

स्वतःच्या नंबरने एक खोटा कस्टमर बनवा, त्याला दोन मशीन द्या, एकाचा मालक तुम्ही आणि घरी कोण म्हणून बायकोचा किंवा भावाचा नंबर. करार टाका, व्हिजिट बनली का बघा, "झाली" करा, पुढची बनली का बघा, मुद्दाम परत मागे घ्या आणि परत "झाली" करा. तारखेवाला रूल तपासायला वाट बघत बसायची गरज नाही, व्हिजिटची तारीख अशी टाका की तीन दिवस आधीचा दिवस उद्याच येईल. रेकॉर्डच्या टाइमलाइनमध्ये कोणता रूल चालला ते दिसतं, पहिले दोन आठवडे रोज चहाच्या वेळी दहा रेकॉर्डची टाइमलाइन बघा. प्रत्येक रूलच्या वर्णनात कुणी, कशासाठी बनवला ते एका ओळीत लिहा, "टेस्ट २ नवीन फायनल" असल्या नावाचा रूल सहा महिन्यांनी बंद करायची कुणाची हिंमत होत नाही.

दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: सेल्सफोर्समध्ये कस्टम मॉड्यूलला कस्टम ऑब्जेक्ट म्हणतात आणि ऑटोमेशन फ्लो नावाच्या टूलमध्ये करायचं, जुने वर्कफ्लो रूल आणि प्रोसेस बिल्डर यांचा सपोर्ट कंपनीने ३१ डिसेंबर २०२५ ला थांबवला, तेव्हा जुने यूट्यूब व्हिडिओ बघून त्यात नवीन काही बांधू नका. हबस्पॉटमध्ये कस्टम ऑब्जेक्ट एंटरप्राइज प्लॅनमध्येच मिळतात, छोट्या आरओवाल्याला तो परवडायचा नाही, तिथे लोक डीललाच मशीन मानून काम भागवतात, थोड्या मशीनपर्यंत जमतं.

राहिलं परमिशनचं, आणि आरओच्या धंद्यात हे सगळ्यात आधी करायला हवं खरं तर. टेक्निशियन सोडून जातो, शेजारच्या गल्लीत स्वतःचं दुकान टाकतो आणि तुमच्या कस्टमरना फोन करतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. नवीन मॉड्यूल बनवलं की डेटा शेअरिंग सेटिंगमध्ये ते कुणाला दिसतं ते लगेच बघा, तिन्ही मॉड्यूल प्रायव्हेट ठेवा म्हणजे टेक्निशियनला फक्त स्वतःच्या नावावरच्या व्हिजिट दिसतील. टेक्निशियनच्या प्रोफाइलमधून एक्सपोर्टची परमिशन काढा. पत्ता आणि फोन त्याला लागणारच, तो व्हिजिटवर दाखवा, पण कराराची रक्कम आणि संपण्याची तारीख त्याला दिसायचं काही कारण नाही, फील्ड लेव्हलला लपवता येतं. आणि कुणी काम सोडलं की त्याच दिवशी युजर बंद करून त्याच्या उघड्या व्हिजिट दुसऱ्याच्या नावावर करा, नाहीतर तिसऱ्या रूलचे टास्क बंद पडलेल्या नावावर जात राहतात आणि तिकडे माणूस सुट्टी काढून घरी वाट बघत बसतो.